पोटातील मिरासदार आणि उपरी

स्थूलतेविषयी आपल्या समाजात जो विचार रूढ आहे, तो मूलतः जमाखर्चाचा विचार आहे. जितके अन्न पोटात गेले ते जमेच्या बाजूस, जितके श्रम शरीराने केले ते खर्चाच्या बाजूस, आणि जी शिल्लक उरली ती मेदाच्या रूपाने कमरेभोवती साठली, असा हा सरळ हिशेब. आणि ज्याच्या अंगी मेद अधिक तो एकतर अधाशी असला पाहिजे किंवा आळशी असला पाहिजे, असा निवाडाही याच हिशेबाच्या आधारे घरोघर, आणि कित्येकदा दवाखान्यांतही, बिनदिक्कत दिला जात आला आहे. हा हिशेब खोटा नाही. उष्मांकांचे गणित कोणालाही चुकवता येत नाही. परंतु तो अपुरा आहे, ही गोष्ट गेल्या दोन दशकांत ज्या प्रयोगांनी दाखवून दिली, त्यांत अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाला अग्रस्थान द्यावे लागेल.

जन्मापासून पूर्णतः निर्जंतुक वातावरणात वाढवलेले काही उंदीर त्यांनी घेतले. या उंदरांच्या आतड्यांत एकही सूक्ष्मजंतू नव्हता, आणि ते सामान्य उंदरांहून सडपातळ होते. सामान्य उंदरांच्या आतड्यांतील जंतूंचा समुदाय त्यांच्या अंगी रुजवताच, अवघ्या १४ दिवसांत त्यांच्या शरीरातील मेद सुमारे ६० टक्क्यांनी वाढला आणि इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती त्यांच्यात दिसू लागली. आणि विशेष हे की, या काळात त्यांनी खाल्लेले अन्न पूर्वीपेक्षा कमीच होते. कारणांचा शोध घेता असे आढळले की, उंदराला स्वतःला जे पिष्टमय आणि तंतुमय घटक पचवता येत नाहीत, ते हे जंतू फोडत होते व त्यांतून निघणारी ऊर्जा यजमानाच्या पदरात टाकत होते. शिवाय यकृतात मेद तयार होण्याची क्रिया त्यांच्यामुळे वाढली होती, आणि मेदाच्या साठवणीला आवर घालणाऱ्या एका प्रथिनाची निर्मिती आतड्यात मंदावली होती. म्हणजे जमाखर्चाच्या वहीत आजवर ज्यांचे नावही नव्हते, असे कोट्यवधी भागीदार त्या व्यवहारात प्रथमपासून सामील होते.

याच प्रयोगशाळेने २०१३ साली हा शोध माणसापर्यंत आणून भिडवला. जुळ्या बहिणींच्या अशा चार जोड्या निवडण्यात आल्या, की ज्यांतील एक बहीण स्थूल आणि दुसरी सडपातळ होती; त्यांच्या विष्ठेतील जंतू निर्जंतुक उंदरांच्या पोटात रुजवले असता, स्थूल बहिणीचे जंतू लाभलेल्या उंदरांच्या अंगी मेद अधिक साठला, सडपातळ बहिणीचे जंतू लाभलेल्यांच्या अंगी कमी. पुढे हे दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर परस्परांची विष्ठा खातात, त्यामुळे एकाचे जंतू दुसऱ्याच्या पोटात जाण्याची वाट आपोआप मोकळी झाली. आणि सडपातळ बहिणीचे जंतू दुसऱ्या उंदरांच्या आतड्यांत शिरून त्यांनी मेदवृद्धीला आळा घातला. परंतु या निष्कर्षाला एक अट होती, आणि ती विसरली गेल्यामुळेच पुढील पुष्कळसा गैरसमज निर्माण झाला. उंदरांना फळे-भाज्यांनी युक्त व संपृक्त स्निग्धांश कमी असलेला आहार मिळत होता तोवरच हा उपकारक प्रवेश घडला. आहार उलट प्रकारचा होताच आगंतुक जंतूंना तेथे ठाव मिळाला नाही.

आगंतुक आणि स्थायिक यांच्यातील हा भेद समजून घेण्यासाठी आपल्याच मुलखातील जुन्या महसुली व्यवस्थेचे स्मरण उपयोगी पडेल. मराठेशाहीच्या दफ्तरांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग आढळतात: मिरासदार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावात वसलेला, ज्याचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा, आणि उपरी, म्हणजे बाहेरगावाहून येऊन, मुदतीचा कौल घेऊन जमीन कसणारा आणि मुदत सरताच निघून जाणारा. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जंतू असतात, असा अंदाज २०१६ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांचे एकूण वजन अदमासे २०० ग्रॅम, आणि बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात. बाल्यात, आईकडून आणि भोवतालच्या घरादारातून आलेले हे जंतू म्हणजे पोटातील मिरासदार. आणि पुडीतून, कुपीतून किंवा गोळीतून आपण जे जिवंत जंतू गिळतो, ज्यांना आज सर्वत्र प्रोबायोटिक म्हटले जाते, ते उपरी.

मिरासदारांची कामगिरी मोठी आहे. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे रेषे यांतील जो चोथा आपल्या पाचकरसांना दाद देत नाही, तो मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर हे जंतू आंबवतात आणि त्यातून असिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट या नावांची लघुशृंखल मेदाम्ले निर्माण करतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. हीच मेदाम्ले आतड्यातील विशिष्ट पेशींना चेतवून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके रक्तात सोडवतात. आणि ही संप्रेरके पोट भरल्याची जाणीव मेंदूला देतात, तर त्यांपैकी जीएलपी-१ जेवणानंतर इन्सुलिनच्या स्रावालाही चालना देते. पित्तातील अम्लांमध्ये हे जंतू जे फेरफार करतात, त्यांचा परिणाम मेद आणि शर्करा यांच्या चयापचयावर होतो. याची दुसरी बाजूही आहे. २००७ साली पॅट्रिस कानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, अतिस्निग्ध आहारावर ठेवलेल्या उंदरांत काही जंतूंच्या आवरणातील एक विषारी घटक रक्तात अधिक प्रमाणात झिरपतो आणि त्यामुळे यकृतात व मेदपेशींत एक मंद, सततचा दाह सुरू होतो. हा दाह इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो आणि मधुमेहाची वाट सोपी करतो.

असे असता, चांगले जंतू बाहेरून आणून पोटात सोडावेत आणि स्थूलतेवर मात करावी, हा विचार सुचणे स्वाभाविक आहे. त्याचे मूळ शंभर वर्षांहून जुने आहे. १८९९ साली पॅरिसमध्ये आंरी तिसिए यांनी स्तनपान करणाऱ्या अर्भकांच्या विष्ठेत बायफिडोबॅक्टेरियम हा जंतू ओळखला. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्यकाने जिनिव्हा येथे आपल्या देशातील दह्यातला जंतू वेगळा काढला. आणि पाश्चर संस्थेतील एली मेच्निकॉफ यांनी, ज्यांना १९०८ साली पॉल अर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, आंबवलेल्या दुधातील जंतू आतड्यातील कुजण्याची क्रिया रोखून वार्धक्य लांबवतात, असा सिद्धांत मांडला. १९३० साली क्योतो येथे मिनोरू शिरोता यांनी आतड्यात जिवंत पोहोचणारा एक दुग्धाम्ल-जंतू निवडला आणि १९३५ साली तो पेयाच्या रूपाने बाजारात आला. या सर्व परंपरेला शिस्त लागली ती २००१ साली, अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून व्याख्या ठरवली तेव्हा: जे सूक्ष्मजीव जिवंत असून पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्याला लाभ करून देतात, तेच प्रोबायोटिक. जिवंतपणा, पुरेसे प्रमाण आणि सिद्ध झालेला लाभ या तिन्ही अटी या व्याख्येत समान वजनाच्या आहेत. जाहिरातीत बहुधा पहिलीचाच उल्लेख असतो.

तिसऱ्या अटीची रुजुवात माणसांवरील चाचण्यांनीच होऊ शकते, आणि अशा चाचण्या झाल्या आहेत. जपानमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पोटावर मेद असलेल्या ८७ प्रौढांपैकी काहींना लॅक्टोबॅसिलस गॅसेरी या जंतूच्या एसबीटी २०५५ या वाणाने युक्त असे आंबवलेले दूध रोज २०० ग्रॅम याप्रमाणे १२ आठवडे दिले, आणि इतरांना तसेच परंतु तो जंतू नसलेले दूध दिले. जंतूयुक्त दूध घेणाऱ्यांच्या पोटाच्या पोकळीतील मेदाचे क्षेत्रफळ सरासरी ४.६ टक्क्यांनी आणि वजन १.४ टक्क्यांनी घटले. त्याच गटाने २०१३ साली २१० जणांवर पुन्हा चाचणी केली. या वेळी पोटातील मेद आठ टक्क्यांहून थोडा अधिक घटला, परंतु दूध बंद करून चार आठवडे लोटताच तो परिणाम ओसरू लागला. कॅनडातील क्वेबेक येथे १२५ स्थूल स्त्री-पुरुषांना २४ आठवडे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा एक वाण, काही तंतुमय घटकांसह, देण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्त्रियांचे वजन तुलनेतल्या गटापेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक घटले, पुरुषांमध्ये मात्र काहीच फरक पडला नाही. इराणमध्ये ६४ मधुमेही रुग्णांना सहा आठवडे रोज ३०० ग्रॅम प्रोबायोटिक दही किंवा साधे दही दिले असता, प्रोबायोटिक दही घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे परिमाण ही दोन्ही किंचित खाली आली.

एकेका चाचणीने हुरळून जाणे किंवा निराश होणे दोन्ही अयोग्य. म्हणून अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून तोलण्याची पद्धत शास्त्राने स्वीकारली आहे. २०१८ साली अशा एका परीक्षणात १५ चाचण्या आणि त्यांतील ९५७ व्यक्ती यांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे वजन, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी ६०० ग्रॅमने अधिक घटले होते. रक्तदाबावरील नऊ चाचण्यांच्या २०१४ मधील परीक्षणात वरचा दाब सरासरी साडेतीन मिलिमीटरने आणि खालचा सुमारे अडीच मिलिमीटरने उतरलेला आढळला. हे परिणाम शून्य नाहीत, आणि त्यांना शून्य म्हणणे हा शास्त्रावर अन्याय ठरेल. परंतु ८० किलो वजनाच्या माणसाला ६०० ग्रॅमचा दिलासा देऊन त्याच्या आयुष्यात काय पालट घडणार, हा प्रश्न कोणाही विवेकी माणसाने विचारलाच पाहिजे. २००२ साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात, आहारातील बदल आणि आठवड्यातून दीडशे मिनिटांचा व्यायाम यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटवले, चेन्नईच्या ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय प्रयोगात हीच घट २८.५ टक्के होती. सेमाग्लुटाइड या, जीएलपी-१ संप्रेरकाचेच अनुकरण करणाऱ्या, औषधाने २०२१ मधील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळजवळ १५ टक्के वजन घटले. या मापांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे प्रोबायोटिकचे आजचे खरे स्थान ध्यानात येते.

परिणाम इतके अल्प आणि अल्पायुषी का, याचेही उत्तर आता बऱ्याच अंशी मिळाले आहे. वाइझमन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१८ साली निरोगी स्वयंसेवकांना ११ वाणांचे मिश्रण देऊन, केवळ विष्ठा न तपासता, दुर्बिणीच्या साहाय्याने आतड्याच्या अस्तरावरील नमुने घेतले. काहींच्या आतड्यांत हे जंतू काही काळ स्थिरावले. इतरांच्या आतड्यांनी त्यांना थाराच दिला नाही, ते आले तसे निघून गेले. कोणाचे आतडे कसे वागेल हे तेथील मूळ वस्तीवर आणि यजमानाच्या प्रकृतीवर अवलंबून होते. मिरासदारांनी भरलेल्या गावात उपऱ्याला जमीन मिळणे दुरापास्त, हाच येथील न्याय. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये तर सडपातळ व्यक्तींच्या विष्ठेतील संपूर्ण जंतुसमुदायच चयापचयाचे विकार असलेल्या पुरुषांच्या आतड्यात उतरवण्यात आला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहा आठवड्यांनी त्यांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारलेली दिसली आणि जगभर आशा पालवल्या. परंतु २०१७ मधील पुढच्या प्रयोगात १८ आठवड्यांनंतर तो लाभ उरला नव्हता. अख्खे गाव स्थलांतरित करूनही ते परक्या मातीत टिकले नाही.

याहून निराळी आणि अधिक आशादायक दिशा एका मिरासदाराच्याच अभ्यासातून पुढे आली आहे. आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्मावर जगणारा अ‍ॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा जंतू २००४ साली नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे वेगळा काढण्यात आला. स्थूल आणि मधुमेही व्यक्तींत तो बहुधा कमी आढळतो. बेल्जियममध्ये कानी यांच्याच गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, अतिरिक्त वजन असलेल्या आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या ३२ व्यक्तींनी तीन महिन्यांचा क्रम पूर्ण केला. हा जंतू घेतलेल्यांची, विशेषतः उष्णतेने निर्जीव केलेल्या रूपात घेतलेल्यांची, इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारली आणि रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले. वजन मात्र संख्याशास्त्राला मान्य होईल इतके घटले नाही. जंतू मेलेला असूनही काम करतो, याचा अर्थ त्याच्या आवरणातील काही रेणूच शरीराला संदेश देत असले पाहिजेत. आणि मग उपऱ्याला गावात वसवण्याचा खटाटोपच अनावश्यक ठरण्याचा संभव आहे. ३२ व्यक्तींवरून निवाडा देता येत नाही. परंतु तपासाची वाट योग्य आहे, असे वाटायला लावणारा हा पुरावा आहे.

येथे एका धोक्याचा स्पष्ट उल्लेख करणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. एकाच कुळातील दोन जातींचे गुण परस्परविरुद्ध असू शकतात. जंतुसमुदायात ढवळाढवळ करून प्राण्यांचे वजन वाढवता येते, हे पशुपालकांना १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून, कोंबड्यांना प्रतिजैविके अल्प प्रमाणात खाऊ घालण्यास आरंभ झाल्यापासून, ठाऊक आहे; आणि फ्रान्समधील दिदिए राऊल यांच्या गटाने २०१२ साली केलेल्या परीक्षणात लॅक्टोबॅसिलस गॅसेरी वजन घटवणारा आढळला, तर त्याचाच सगोत्र लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस वजन वाढवणारा. गंभीर आजाऱ्याच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ झालेल्या २९८ रुग्णांवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रोबायोटिक दिलेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्यांपैकी ६ टक्के. निरोगी माणसाला ही द्रव्ये सामान्यतः निर्धोक आहेत हे खरे. परंतु ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नयेत.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लक्ष लोक मधुमेही आहेत, १३ कोटी ६० लक्ष मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत, आणि सुमारे ४० टक्के प्रौढांच्या पोटावर मेदाचा संचय आहे. वजनाच्या काट्यावर विसंबणे आपल्याला विशेष घातक, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगाच्या निदर्शनास आणले. २००४ साली त्यांनी स्वतःचे आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले: दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३, दोघेही दिसायला सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक हातापायांचा आणि किंचित सुटलेल्या पोटाचा आपला माणूस काट्यावर निरोगी ठरतो, पण त्याच्या यकृताभोवती आणि आतड्यांभोवती मेद दडून बसलेला असतो. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढचा निर्देशांक आणि पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढचा कमरेचा घेर हे धोक्याचे मानले जातात. आपल्या लोकांच्या आतड्यांत प्रीव्होटेला या, तंतुमय अन्नावर पोसणाऱ्या जंतूचे प्राबल्य अनेक अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा क्वेबेक किंवा तोक्यो येथील निष्कर्ष मिरज किंवा मालवण येथील माणसाला जसेच्या तसे लागू होतील, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

मग आपले दही आणि ताक? विरजणातील जंतू घरागणिक भिन्न, त्यांची संख्या अनिश्चित आणि त्यांच्या गुणांची चाचणी कोणी केलेली नाही. म्हणून शास्त्रीय व्याख्येनुसार घरच्या दह्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. इडली, आंबोळी, ढोकळा हे आंबवलेले खरे, पण आचेवर त्यांतील जंतू मरतात, कढीचेही तेच. तरीही या परंपरेला हिणवण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६ निरोगी प्रौढांपैकी निम्म्यांना दही, केफिर, आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ आणि निम्म्यांना तंतुमय पदार्थ दहा आठवडे भरपूर दिले गेले. पहिल्या गटाच्या आतड्यांतील जंतूंची विविधता वाढली आणि दाह सूचित करणारी १९ प्रथिने रक्तात घटली. दुसऱ्या गटात विविधता तेवढ्या मुदतीत वाढली नाही. याचा उलगडा कदाचित त्याच विद्यापीठातील २०१६ च्या उंदरांवरील प्रयोगात सापडेल. चोथा नसलेल्या आहारावर चार पिढ्या वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यांतून कित्येक जाती पिढीगणिक नाहीशा होत गेल्या, आणि पुढे चोथा पुन्हा सुरू करूनही त्या परतल्या नाहीत. हरवलेले जंतू बाहेरून द्यावे लागले तेव्हाच भरपाई झाली. मिरासदाराला अन्न न मिळाले तर तो एकटा उपाशी राहत नाही, त्याचे वतनच खालसा होते, आणि ते नुकसान नातवंडांना सोसावे लागते. उंदरांवरचा हा निष्कर्ष माणसालाही लागू पडत असेल, तर मैद्याच्या पावावर आणि पाकीटबंद खाऊवर वाढणाऱ्या आपल्या मुलांबद्दल मला मनःपूर्वक काळजी वाटते.

दुकानातून प्रोबायोटिक विकत घेणाऱ्याने वेष्टनावर काय पाहावे, हेही सांगितले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांनुसार जंतूचे कूळ, जाती आणि वाण या तिन्हींचा निर्देश हवा आणि माणसांवरील चाचणीचा आधार हवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू हवेत. वेष्टनावर वाणाचे नाव नसेल, तर अमुक चाचणीत अमुक लाभ झाला हा दाखला त्या मालाला लागूच होत नाही. आणि चरबी वितळवण्याचे आश्वासन असेल, तर ते आजच्या कोणत्याही पुराव्यात बसत नाही. ज्या मधुमेह्याने अशा पुडीच्या भरवशावर आपली औषधे थांबवली, त्याचे नुकसान पैशांपुरते राहत नाही, आणि म्हणूनच या दाव्यांचा मला निषेध करावासा वाटतो. उलट, सर्दी-पडशासाठी मागून घेतलेली प्रतिजैविके टाळणे हे, कोणत्याही गोळीवाचून, प्रत्येकाला करता येण्याजोगे जंतुसंवर्धन आहे.

माझा निष्कर्ष असा की, आतड्यातील जंतूंचा स्थूलतेशी आणि मधुमेहाशी संबंध आहे, हे शास्त्राने पुरते सिद्ध केले आहे. उपरी आणून तो संबंध आपल्या बाजूने फिरवता येतो, हे मात्र अद्याप अल्पांशानेच सिद्ध झाले आहे. यापुढील संशोधनाने हे चित्र पालटेल, आणि पालटावे अशी माझी इच्छा आहे. तोवर आपल्या हाती असलेला अधिक खात्रीचा उपाय म्हणजे मिरासदारांचे पोषण, आणि त्याची सामग्री आपल्या मुलखात नवी नाही: ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, अंबाडी-मेथीसारख्या पालेभाज्या, सालीसकट डाळी, आणि जेवणाअखेर न तापवलेले ताक. या आहाराने पंधरवड्यात कंबर उतरेल असे मी म्हणणार नाही, आणि ज्याला औषधांची गरज आहे त्याला ती घ्यावीच लागतील. परंतु डाळ आणि भाजी महाग, बिस्किटाचा पुडा स्वस्त, अशी स्थिती ज्या बाजारात आहे, तेथे हा सल्ला केवळ व्यक्तीला देऊन भागणार नाही. शाळेतील मुलांच्या ताटात रोज उसळ आणि भाजी पडेल, शिधावाटपाच्या दुकानात ज्वारी-बाजरी नियमाने मिळेल, याचा बंदोबस्त करणे हे चयापचयाच्या आरोग्याचे सार्वजनिक काम आहे. आणि प्रोबायोटिकच्या पुडीवर खर्च होणाऱ्या आशेचा थोडा जरी अंश या मागणीमागे उभा राहिला, तरी पुढल्या पिढीच्या पोटाचे त्यातून अधिक कल्याण होईल.